जुन्या साडीची गोधडी: दिवाणासाठी आणि भिंतीसाठी हाताने शिवताना

दीड वार म्हणजे ५४ इंच. सहावारी साडीचे दीड-दीड वाराचे चार तुकडे निघतात आणि नऊवारी लुगड्याचे सहा. गोधडीचे सगळे गणित या एका मापावर उभे राहते. आमच्या आजीने कधी मापपट्टी हातात घेतल्याचे मला आठवत नाही, पण लुगडे जमिनीवर पसरून ती पदराकडून हाताने मोजत जायची आणि शेवटचा तुकडा पहिल्याच्या लांबीला बरोबर येऊन मिळायचा. पुढे मी स्वतः शिवायला बसले, पट्टी लावून पाहिली, तेव्हा तिच्या हातातला हिशेब मला कळला.

या लेखात सांगितलेली गोधडी थंडीत पांघरण्यासाठी नसून बैठकीच्या दिवाणावर टाकण्यासाठी किंवा भिंतीवर टांगण्यासाठी आहे. तिची रुंदी साधारण ४० इंच आणि लांबी ५४ इंच राहील. घराला गावाकडचे रूप यावे म्हणून अलीकडे पुष्कळ जण नवे कापड विकत आणतात आणि ते जुने दिसावे यासाठी खटपट करतात, किंवा ठिगळांचा नुसता छाप असलेली चादर आणून पसरतात. गावाकडच्या वस्तूचे देखणेपण वापरून मऊ झालेल्या कापडात आणि उघड दिसणाऱ्या हाताच्या टाक्यात असते, असे माझे ठाम मत आहे, आणि या दोन्ही गोष्टींसाठी बाजारात जावे लागत नाही. कोल्हापूर-सातारा भागात जिला वाकळ म्हणतात, तीही अशीच घरातल्या कापडाची आणि घरातल्या हातांची असते.

कापड

आतल्या थरांसाठी सुती साडी घ्यावी आणि ती निदान काही वर्षे वापरात असलेली असावी. पुष्कळ धुण्यांतून गेलेल्या सुताची खळ पूर्ण निघून गेलेली असते, त्यामुळे सहा थर एकावर एक ठेवले तरी सुई अडत नाही. नव्या कोऱ्या कापडाचे तीनच थर ठेवून पाहा, बोट दुखायला लागेल. शिवाय जुने कापड आटायचे तेवढे आटून झालेले असते. नवे कापड वापरणे भागच असेल, तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन आणि वाळवून मगच कापावे, नाही तर पहिल्या धुण्यानंतर नवा थर आखडतो, जुने तसेच राहतात आणि गोधडीला कायमच्या चुण्या पडतात.

साडी उजेडासमोर धरून पाहावी. जिथून उजेड जास्त येतो, तिथे ती विरलेली असते. बसण्यामुळे मधला भाग आणि पायांत येणारा खालचा भाग लवकर विरतो, तर पदर आणि निऱ्यांच्या आतला भाग बहुधा धड राहतो. विरलेले तुकडे मधल्या थरांत जातील आणि धड तुकडे वरखाली येतील, अशी विभागणी आधीच करून ठेवावी. जे कापड दोन्ही हातांनी ताणल्याबरोबर फाटते, ते मात्र आतही घालू नये, कारण टाक्यांच्या ओढीने ते आतल्या आत सुटते आणि तिथे गोधडी पोकळ पडते.

कापड सुती आहे की कृत्रिम, याची शंका असल्यास कडेचा एक धागा काढून तो चिमट्यात धरून पेटवावा. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. ही परीक्षा खणाच्या कापडासाठी विशेष आवश्यक आहे. कर्नाटकातील गुळेदगुड्डचा खण किंवा इरकली साडीचा तुकडा वरच्या ठिगळांत अतिशय शोभून दिसतो, पण आज दुकानात मिळणारे बरेचसे खणाचे कापड कृत्रिम धाग्याचे असते आणि त्यावर गरम इस्त्री टेकली की ते जागीच आकसते.

रंगाची परीक्षा त्याहूनही महत्त्वाची आहे. प्रत्येक ठिगळाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर जोराने घासावा आणि रुमालावर रंग उतरला, तर ते कापड बाजूला ठेवावे. माझ्या पहिल्या गोधडीत आजोबांच्या पांढऱ्या धोतरावर मी एक गडद लाल खण लावला होता. पहिल्याच धुण्यात त्या खणाभोवती गुलाबी डाग पसरला आणि तो आजपर्यंत गेलेला नाही. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असे अनेक घरांत सांगतात, पण रंगवतानाच जो रंग धाग्याला धरलेला नाही, त्याला मीठ धरून ठेवू शकत नाही. असे कापड तीन-चार वेळा वेगळे धुवावे आणि तरीही पाणी रंगत राहिले, तर त्याचा मोह सोडावा.

थर

एका सुती सहावारी साडीचे चार तुकडे हे आतले चार थर. खालच्या बाजूला एक धड, शक्यतो बारीक छापाचे कापड, म्हणजे मागून दिसणारे टाके कमीजास्त झाले तरी ते डोळ्यांत येत नाहीत. वरच्या बाजूला धोतराचे किंवा मांजरपाटाचे एक पांढरट कापड, ज्यावर ठिगळे बसतील. असे सहा थर होतात. गोधडी केवळ भिंतीवर लावायची असेल, तर आतले दोनच थर ठेवावेत; सहा थरांची गोधडी टांगल्यावर स्वतःच्या वजनाने खाली ओघळते.

साडी कापण्यापूर्वी तिचे दोन्ही बाजूंचे काठ उभे कापून वेगळे काढावेत. काठाची वीण घट्ट असते, त्यात जरीचे धागे असले तर ते सुईला आणखी अडवतात, आणि चार थरांचे चार काठ एकावर एक आले, तर कडा पुठ्ठ्यासारखी ताठ होते. काठ निघाल्यावर ४५-४६ इंच रुंदीच्या साडीची साधारण ४० इंच रुंदी उरते, आणि हेच आपल्या गोधडीचे माप आहे. काढलेला काठ टाकू नये. गोधडीचा घेर १८८ इंचांचा भरतो आणि सहावारीचा एक काठ सुमारे २१६ इंच लांब असतो, म्हणजे एकाच साडीच्या एका काठात सबंध गोधडीचा गोट, म्हणजे कडेभोवतीची पट्टी, होतो आणि दुसरा काठ तोरणासाठी किंवा उशीच्या अभ्र्यासाठी शिल्लक राहतो.

स्वच्छ पुसलेल्या फरशीवर खालचे कापड उलटे पसरून त्याच्या चारही कोपऱ्यांवर वाटी किंवा वरवंटा असे काही जड ठेवावे. त्यावर एकेक थर टाकताना तळहाताने मधून कडेकडे सावकाश सारवल्यासारखे फिरवावे, म्हणजे मध्ये अडकलेली हवा आणि सुरकुत्या बाहेर निघतात. हे काम दोघींनी समोरासमोर बसून केले तर फार सुबक होते, कारण एकटीने ओढले की पलीकडची बाजू सरकते. सगळे थर टाकून झाल्यावर वर पांढरे कापड पसरावे, चारही कडा कात्रीने सारख्या कराव्यात आणि मग संपूर्ण गोधडीवर वीतभर अंतराने उभ्या आणि आडव्या कच्च्या टाक्यांच्या रांगा घालाव्यात. या टाक्यांसाठी भडक रंगाचा दोरा वापरावा, कारण शेवटी ते उसवायचे असतात आणि पांढऱ्यावर पांढरा दोरा शोधताना डोळे थकतात. कच्च्या टाक्यांचा कंटाळा करू नये. पुढच्या सगळ्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका इथे झालेल्या असतात.

ठिगळे

ठिगळे कुठे लावावीत, याचा नियम नाही, पण मांडणी एक दिवस तशीच पसरून ठेवावी आणि येता-जाता तिच्याकडे पाहत राहावे, ही माझी पद्धत आहे. सकाळच्या उजेडात जो रंग शांत वाटतो, तो संध्याकाळी दिव्याखाली कधी कधी अंगावर येतो. दहा-बारा प्रकारची कापडे जमवली की गोधडी गजबजते. चार-पाचच घ्यावीत आणि त्यांतले एक पुन्हा पुन्हा यावे. उदाहरणार्थ, मध्यभागी इरकलीच्या पदराचा एक मोठा चौकोन, त्याभोवती निळ्या किंवा हिरव्या खणाच्या पट्ट्या आणि उरलेल्या पांढऱ्या जागेत जुन्या सदऱ्याचे लहान चौकोन अशी रचना पहिल्या प्रयत्नातही चांगली साधते. ठिगळांमध्ये पांढरे कापड भरपूर मोकळे सोडावे, कारण टाक्यांच्या रांगा तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतात.

प्रत्येक ठिगळ हव्या त्या मापापेक्षा चारही बाजूंनी पाव इंच मोठे कापावे आणि ती पाव इंच कडा आत दुमडून नखाने दाबून घ्यावी. खणाचे धागे कडेने फार सुटतात, म्हणून त्याला अर्धा इंच सोडावा. आधी समोरासमोरच्या दोन कडा दुमडाव्यात आणि नंतर उरलेल्या दोन, म्हणजे कोपऱ्यात कापडाचे टोक बाहेर डोकावत नाही. मग ठिगळ जागेवर टाचण्यांनी धरून कडेने बारीक तुरपाई करावी. ही तुरपाई फक्त वरच्या कापडात घ्यायची आहे. सुई सहाही थरांतून खाली गेली, तर पुढे गोधडी त्या जागी दबलेली दिसते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या बायका, ज्यांच्या पूर्वजांपैकी काहींना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आफ्रिकेतून गोव्यात आणले होते, कवंदी नावाची अशीच गोधडी शिवतात. त्या तिच्या चारही कोपऱ्यांवर रंगीत कापडांच्या त्रिकोणी घड्या एकावर एक बसवतात, त्यांना फूल म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी उघडी मानतात. आपल्याला अशी त्रिकोणी टोके करायची असल्यास तीन इंचांचा चौकोन घेऊन तो कर्णावर दुमडावा, पुन्हा एकदा तसाच दुमडावा आणि त्याची उघडी बाजू गोटाखाली जाईल अशी कडेला बसवावी.

गोट

माझ्या पद्धतीत गोट आधी लागतो आणि मधली शिवण नंतर होते, कारण कडा बंद झाल्यावर थर सुटण्याची भीती राहत नाही आणि काम गुंडाळून ठेवता येते. काठाला एक बाजू कापलेली असते आणि दुसरी विणलेली किनार असते. काठाची सुलट बाजू गोधडीच्या वरच्या बाजूवर टेकवून, कापलेली कडा गोधडीच्या कडेशी जुळवून, अर्धा इंच आत धावदोऱ्याने शिवावे. दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटी टीप घ्यावी, म्हणजे ओढ बसली तरी शिवण उसवत नाही. नंतर काठ कडेवरून मागे वळवावा. मागे येते ती किनार विणलेली असल्यामुळे ती पुन्हा दुमडावी लागत नाही, तिला नुसती तुरपाई पुरते, आणि म्हणूनच काठाचा गोट इतर कोणत्याही पट्टीपेक्षा सपाट बसतो. कोपऱ्यावर काठ तिरका दुमडून त्या दुमडीवर चार टाके घालावेत. गोधडीचे कोपरे गोल हवे असतील, तर काठ उपयोगाचा नाही. तिथे उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टीच वळते.

सुई, दोरा आणि टाका

हाताच्या सुयांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक, हे दुकानात मागताना लक्षात ठेवावे. सहा मऊ थरांसाठी पाच किंवा सहा नंबरची, लांबट नेढ्याची सुई योग्य ठरते. काही जणी दाभण घेतात, पण दाभणाने विरलेल्या कापडाला भोके पडतात आणि ती धुतल्यावर मोठी होतात. मधल्या बोटात अंगुस्तान अवश्य घालावे. पहिले दोन दिवस ते अडचणीचे वाटते आणि तिसऱ्या दिवशी त्यावाचून शिवता येत नाही.

मधली शिवण कडेपासून मध्याकडे चौकोनी फेऱ्यांनी जाते. पाऊण इंच अंतराने फेऱ्या घातल्या, तर या मापाच्या गोधडीतील सर्व फेऱ्यांची लांबी मिळून सुमारे ८० वार, म्हणजे ७३ मीटर भरते. दोरा थरांतून वरखाली जातो आणि प्रत्येक तुकड्याचे शेपूट वाया जाते, हे धरून १०० मीटर जाड सुती दोरा एकाच वेळी आणून ठेवावा, कारण नंतर आणलेल्या दोऱ्याच्या पांढऱ्या रंगातही फरक पडतो. एका वेळी खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत भरेल एवढाच दोरा ओवावा. लांब दोऱ्याने ओवण्याचा वेळ वाचतो असे वाटते, पण तो पीळ घेतो, गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढला गेल्यामुळे टोकाला झिजतो. मेणाच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढून घेतल्यास गुंता पुष्कळ कमी होतो.

शिवणीची सुरुवात डाव्या हाताखालच्या कोपऱ्यातून, गोटाच्या आत पाऊण इंचावर करावी. गाठ थरांच्या मध्ये लपवण्यासाठी सुई वरच्या कापडातून दोन इंच दूर खुपसून सुरुवातीच्या जागी बाहेर काढावी आणि दोऱ्याला हलकासा झटका द्यावा. गाठ वरच्या कापडातून आत जाते आणि तिथेच अडकून राहते. मग कडेच्या समांतर धावदोरा घालत जावे. टाका आंबेमोहोर तांदळाच्या दाण्याएवढा असावा आणि दोन टाक्यांमधील जागाही तेवढीच, म्हणजे एका इंचात अडीच-तीन टाके बसतात. डावा हात गोधडीखाली ठेवून सुईचे टोक बोटाला जाणवले की लगेच ते वर वळवावे. असे तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढावा, आणि ओढताना कापड किंचितही आक्रसणार नाही, इतपतच ताण द्यावा.

सुरुवातीला खालच्या बाजूचे टाके वरच्यापेक्षा बारीक पडतात, काही तर खाली पोहोचतच नाहीत. याचे कारण सुई तिरकी जाते. सहा थरांत सुई शक्य तितकी उभी घालावी आणि प्रत्येक हातभर शिवणीनंतर गोधडी उलटून पाहावी. खालच्या थराला न पोहोचलेले टाके तिथल्या तिथे उसवून पुन्हा घालावेत, कारण पाच फेऱ्यांनंतर ते दिसले, तर उसवायला मन होत नाही.

कोपरा आला की एक टाका नेमका कोपऱ्याच्या बिंदूवर संपला पाहिजे. तो अलीकडे किंवा पलीकडे पडला, की पुढच्या प्रत्येक फेरीत कोपरा थोडा थोडा गोल होत जातो आणि मध्यभागी पोहोचेपर्यंत चौकोनाचा लंबगोल होतो. यासाठी चारही कोपऱ्यांतून आत जाणाऱ्या ४५ अंशांच्या तिरक्या रेषा खडूने आखून घ्याव्यात आणि प्रत्येक वळण त्या रेषेवर घ्यावे. अशा साधारण २६ फेऱ्यांनी शिवण मध्यापर्यंत पोहोचते. बाहेरून आत शिवत गेल्यामुळे थरांतला उरलासुरला सैलपणा मध्याकडे सरकत राहतो. दर तीन-चार फेऱ्यांनी गोधडी पुन्हा जमिनीवर पसरून, तळहाताने सारखी करून, गरज पडल्यास मधले कच्चे टाके काढून नव्याने घालावेत. हातशिवणीमुळे सबंध गोधडीवर जी बारीक लाट उमटते, ती राहू द्यावी, तिच्यावर इस्त्री फिरवू नये. रोज तासभर बसल्यास एकूण काम तीन आठवड्यांत होते, आणि त्यापेक्षा जास्त वेळ सलग बसू नये. मान आणि अंगठा आखडला की टाके आपोआप मोठे होऊ लागतात.

टांगणे आणि धुणे

भिंतीवर लावायच्या गोधडीला खिळे किंवा कड्या लावू नयेत, कारण सगळे वजन दोन-चार बिंदूंवर येऊन जुने कापड तिथे फाटते. मागच्या बाजूला वरच्या कडेखाली चार इंच रुंद कापडाचा नेफा शिवावा. त्याचे टाके खालच्या दोन-तीन थरांतूनच घ्यावेत, म्हणजे ते समोर दिसत नाहीत. नेफ्यातून गोधडीपेक्षा दोन इंच लांब अशी वेळूची काठी घालून तिच्या दोन्ही टोकांना सुतळी बांधावी. काठीच्या गाठी आधी तासून घ्याव्यात आणि काठी एकदा उन्हात चांगली वाळवावी, नाही तर पावसाळ्यात तिला बुरशी येऊन नेफ्यावर डाग पडतात. जिथे थेट ऊन येते, ती भिंत टाळावी. जुन्या साड्यांचे रंग आधीच निवळलेले असतात आणि एका उन्हाळ्यातच त्यांचा आणखी उतार दिसू लागतो.

गोधडी वर्षातून एकदा-दोनदाच धुवावी, एरवी उलटी टाकून हलक्या हाताने झटकावी. धुताना थंड पाण्यात सौम्य साबण विरघळवून ती अर्धा तास बुडवून ठेवावी आणि तळहाताने दाबून मळ काढावा. घासू नये, पिळू नये. सहा थर पाणी पितात तेव्हा गोधडी फार जड होते आणि एका कोपऱ्याला धरून उचलली, तर ओल्या वजनानेच टाके तटकन तुटतात. दोन्ही हात तिच्याखाली घालून, मूल उचलावे तशी ती बादलीतून उचलावी, चाळणीवर किंवा पाटावर निथळत ठेवावी आणि मग सावलीत, दोरीऐवजी खाटेवर आडवी पसरून वाळवावी. वाळताना दोनदा पालटावी, कारण वरचा थर कोरडा वाटला तरी मधले चार थर दुपारपर्यंत ओलेच असतात.